तिन्हीसांजेचं रडणं आणि आपले दोन हात

देवापाशी दिवा लागायचा आणि त्याच सुमाराला आमची लेक सुरू व्हायची. आधी कुरकुर, मग तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, पोट नगाऱ्यासारखं टणक. मग असा टाहो, की शेजारचे काका एकदा कुंपणापाशी येऊन "पोर पडलं-बिडलं नाही ना?" असं विचारून गेले. हे साडेनऊ-दहापर्यंत चालायचं. जून महिना होता, वीज जायची, आणि मेणबत्तीच्या उजेडात मी तिला घेऊन येरझाऱ्या घालायचो.

आम्ही फोंड्याला राहतो. बाळंतपणाला सासूबाई सावंतवाडीहून आल्या होत्या, न्हाऊ घालायला पलीकडच्या वाड्यावरची मावशी येत होती आणि सल्ले द्यायला अख्खा गोवा हजर होता. त्या तीन महिन्यांत पोटावर तेलाचा हात फिरवणाऱ्या मावशीपासून किनारपट्टीवर बाळाचे मणके "सरळ" करून देणाऱ्यांपर्यंत सगळं पाहून झालं. मी डॉक्टर नाही. पण आमच्या बालरोगतज्ज्ञांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, मिळेल ते वाचलं आणि चुकाही केल्या. ज्यांच्या घरी सध्या हा प्रकार, डॉक्टरांच्या भाषेत कोलिक, चालू आहे त्यांनी कुठल्या क्रमाने काय करावं, ते इथे लिहितो.

आधी कपडे काढून बाळ नीट पाहा

मालिश, शेक, घुटी, सगळं नंतर. बाळाचे सगळे कपडे, मोजे, टोपडं, लंगोट काढा आणि भरपूर उजेडात डोक्यापासून पायापर्यंत पाहा. पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघा. बाळंतिणीचे केस गळतात, त्यातला एखादा लांब केस मोज्यात शिरतो, बोटाभोवती गुंडाळला जातो आणि फास बसतो. बोट सुजून लाल-जांभळं होतं आणि घरातले पोटदुखी समजून हिंग लावत बसतात. हाताची बोटं बघा, मुलगा असेल तर शिश्नही बघा. जांघेत एका बाजूला टणक गाठ किंवा फुगवटा दिसला तर तो हर्निया अडकल्याचा असू शकतो, तिथे चोळाचोळ करायची नाही.

यापैकी काही असलं, किंवा पुढे सांगतो त्यातलं एकही लक्षण दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. हिरवी उलटी. पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, तीही दूध पाजल्यावर परत परत. शीमध्ये रक्त. अंगावर न पिणं, मलूल पडणं, उठवूनही न उठणं. टाळू वर आलेली. श्वास लागणं, ओठ निळे होणं, झटके. बाळ कुठून पडलं असेल तर तेही. हिरव्या उलटीला "पित्त पडलं, बरं झालं" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. लहान बाळात ती आतडं अडल्याची खूण असू शकते आणि तिथे तास-दोन तासही घालवायचे नसतात.

गोव्यात अंतरं लहान आहेत, हे आपलं नशीब. म्हापशाचं आझिलो, मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ आणि अर्थात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), कुठूनही यांपैकी एक फारसं लांब नाही. रात्री गाडी नसेल तर १०८. स्कूटरवरून मध्ये बाळ धरून जायची गरज नाही.

कोलिक म्हणायचं कशाला

मॉरिस वेसल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९५४ मध्ये तिनाचा नियम घालून दिला: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त, तीन आठवड्यांपेक्षा जास्त रडणारं बाळ. बाळ एरवी ठणठणीत हवं, पीत हवं, वाढत हवं. हल्लीचे डॉक्टर तीन आठवडे मोजत थांबत नाहीत. पाच महिन्यांखालचं बाळ, उघड कारण नसलेलं, काही केल्या न थांबणारं रडणं, ताप-आजार नाही आणि वजन नीट वाढतंय, एवढं त्यांना पुरतं.

वजन वाढतंय हे महत्त्वाचं, कारण ते मोजता येतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ साधारण रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. लसीकरणाला जाल तेव्हा वजन लिहून घ्या.

आता या सगळ्या लेखाच्या मुळाशी असलेली गोष्ट. हे रडणं जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला पोचतं, मग उतरत जातं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. बाळ महिनाभर आधी जन्मलं असेल तर हे आठवडे दिलेल्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे काय होतं बघा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आईबाप हतबल होतात आणि हातपाय मारायला लागतात. कोणी ग्राइप वॉटर आणतं, कोणी दृष्ट काढतं, कोणी थेरपिस्टकडे नेतं. आठव्या आठवड्यात रडणं कमी होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि त्या दिवशी फांदीवर जो कावळा असेल त्याचं गावभर नाव होतं. आमच्या घरी ते श्रेय अजून सासूबाईंच्या मीठ-मोहऱ्यांकडे आहे.

एक वही घाला

मोबाइलमधलं ॲप नको. शाळेची शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन, पाळण्याच्या खांबाला. रडणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, शेवटचं दूध कधी, शी कशी, आणि त्या दिवशी काय वेगळं केलं. दिवसाला चार ओळी पुरतात.

चौथ्या दिवशीच वहीने आम्हाला एक धक्का दिला. आम्ही सगळ्यांना "चार-पाच तास रडते" असं सांगत होतो. लिहायला लागल्यावर ते दोन तास चाळीस मिनिटं निघालं. कानाशी टाहो चालू असताना वेळ कसा ताणला जातो हे तेव्हा कळलं. दुसरं म्हणजे, डॉक्टरांकडे गेल्यावर "खूप रडते हो" यापेक्षा वहीचं पान दाखवलं तर ते जास्त लक्ष देऊन ऐकतात.

दीड महिन्याच्या लसी आणि रडण्याचा कळस एकाच आठवड्यात येतात. त्या दोन दिवसांतलं रडणं वहीत वेगळ्या शाईने लिहा. नाहीतर "लशीमुळेच सुरू झालं" हा समज घरात कायमचा बसतो. आणि मांडीवर टोचलेल्या जागी चोळायचं नाही, मावशीलाही आधी सांगून ठेवायचं.

नुसता हात

नॉर्वेत झालेली एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलिकच्या बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या पाठीच्या मणक्यांवर कायरोप्रॅक्टरने, म्हणजे मणके हाताने "ठीक" करणाऱ्या थेरपिस्टने, उपचार केले. दुसऱ्या गटातल्या बाळांना नर्सने फक्त दहा मिनिटं हातात धरलं. आईबाप खोलीबाहेर होते, त्यांना कुठलं बाळ कुठल्या गटात हे माहीत नव्हतं. उपचाराच्या गटात सुमारे ७० टक्के बाळं सुधारली. नुसत्या धरलेल्या गटात ६० टक्के. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच होता.

हे वाचून काही जण म्हणतील, म्हणजे उपचार निरुपयोगी. मी ते दुसऱ्या टोकाकडून वाचलं: नुसतं शांतपणे धरून ठेवलेल्या दहातल्या सहा बाळांचं काही दिवसांत बरं चाललं होतं.

म्हणून मालिशीच्या आधी ही पायरी. पंखा बंद करा. हात धुऊन एकमेकांवर चोळून गरम करा. बाळ उताणं, तुमच्या समोर. एक तळहात त्याच्या पोटावर, बेंबीवर येईल असा ठेवा, दुसरा डोक्याच्या बाजूला. हलवू नका. चोळू नका. एक मिनिट, दोन मिनिटं. श्वासाबरोबर पोट वरखाली होताना हाताला लागतं. आमच्या लेकीचं पोट आधी फळीसारखं असायचं आणि कधीकधी, नेहमी नाही, हाताखाली ते हळूच सैल झाल्याचं कळायचं. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा मी दमही रोखून धरला होता.

पोटाची मालिश

नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत पोटाला तेल लावायचं नाही. त्यानंतर दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटं. दूध पाजल्यावर पाऊण तास तरी जाऊ द्या, नाहीतर सगळं बाहेर येईल. मुख्य म्हणजे टाहो सुरू झाल्यावर मालिश सुरू करू नका. आमची पहिली चूक हीच. दिवा लावायची वेळ जवळ आली, तिने तोंड वाकडं केलं, की आम्ही तेलाची वाटी घेऊन धावायचो आणि रडणं वाढायचं. मालिश दुपारी चारला आणि सकाळी अंघोळीआधी करायला लागलो तेव्हा ती आवडीने करून घ्यायला लागली.

तेल साधं खोबरेल. गोव्यात ते शोधावं लागत नाही, घाण्याचं मिळालं तर बरंच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी पाहा, पुरळ नाही ना. मोहरीचं तेल नाजूक कातडीला झोंबतं, ते नको. सुवासिक तेलं, निलगिरीचे थेंब वगैरे अजिबात नको. तेलकट बाळ मासळीसारखं निसटतं, त्यामुळे जमिनीवर चटई घालूनच बसा, पलंगावर नाही.

दाब किती? झाडाचा मानकुराद आंबा पिकला का हे आपण अंगठ्याने पाहतो, फळाला डाग न पडता. तेवढाच.

सुरुवात दोन्ही हात आळीपाळीने. बरगड्यांच्या खालून ओटीपोटापर्यंत, एक हात खाली पोचला की दुसरा वरून निघाला, असं सहा-सात वेळा. बरगड्यांवर जोर नाही.

मग दोन्ही गुडघे एकत्र धरून हळूच पोटाशी आणा, पाचपर्यंत मोजा, सोडा. पाय ताठ ओढायचे नाहीत. गुडघे जवळ आले की बऱ्याचदा वारा सरतो आणि घरात आनंदीआनंद होतो. तीनदा करा. मध्ये सायकल चालवल्यासारखे पाय हलवा, बाळाला ते आवडतं.

तिसरी गोष्ट म्हणजे गोल हात, आणि इथे दिशा महत्त्वाची. मोठं आतडं बाळाच्या पोटात उजवीकडे खालून वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. तुम्ही समोर बसलात की बाळाची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. म्हणजे तुमच्या डाव्या हाताकडे खालून सुरुवात, वर, आडवं, मग तुमच्या उजवीकडून खाली. घड्याळाचे काटे जसे फिरतात तसंच. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून घ्या आणि मग हात फिरवा. पाच-सहा फेऱ्या, बोटांच्या पेरांनी, बेंबीपासून थोडं दूर. शेवटी परत गुडघे पोटाशी.

बाळ तोंड फिरवत असेल, उचक्या देत असेल, जांभया देत असेल, अंग ताठ करत असेल तर ते नको म्हणतंय. थांबा. आज नाही झालं तर उद्या. तीन दिवस सलग नको म्हणालं तर आठवडाभर नादच सोडा, नुसता हात ठेवा.

याने कोलिक बरा होतो का? तसं मी सांगणार नाही. आमच्या वहीत मालिशीच्या दिवसांचं रडणं थोडं कमी दिसतं, पण तोवर आठवा आठवडाही लागला होता, त्यामुळे पुन्हा तोच कावळा. एक मात्र झालं: दिवसातून दोनदा ती आमच्या हाताखाली न रडता पडून असायची, आणि तिच्याकडे बघून आम्हाला धडकी भरत नव्हती.

उचलून घ्यायची रीत

बापांसाठी ही सगळ्यात कामाची गोष्ट, कारण हात लांब असतात. बाळ पालथं, तुमच्या डाव्या हाताच्या पुढच्या भागावर. त्याचा गाल तुमच्या कोपराच्या खोबणीत, तोंड बाहेरच्या बाजूला, नाक मोकळं. तुमचा पंजा त्याच्या पायांमधून जाऊन मांडी धरतो. हातपाय दोन्हीकडे लोंबतात, आंब्याच्या फांदीवर दुपारी झोपलेल्या मांजरासारखे. उजवा हात पाठीवर. आता चाला. पोटावर हाताचा सारखा दाब राहतो आणि चालीचा हेलकावा मिळतो. आमचं अंगण वीस पावलांचं आहे, मी रोज त्याची दीड-दोनशे चक्करं मारत असेन.

ही पकड जागेपणीची. डोळा लागला की बाळाला उताणंच ठेवायचं, पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशी-लोड काढून. आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर स्वतः झोपी जाणं फार धोक्याचं आहे. मी एकदा तसा डुलकलो होतो, बायकोने वेळेवर उठवलं.

गुंडाळायचं तर कमरेपासून खाली सैल. पाय बेडकासारखे दुमडून फाकले पाहिजेत. सरळ ताठ पाय करून घट्ट बांधलं तर खुब्याच्या सांध्याला ते चांगलं नसतं. आणि गोव्यात मे-जूनच्या उकाड्यात टोपडं, मोजे, शाल, वर गोधडी असं बांधलेलं बाळ रडलं तर त्याचा दोष पोटाला देऊ नका.

मावशीशी बोलणं

न्हाऊ घालणारी बाई ही आपल्याकडची खरी मॅन्युअल थेरपिस्ट, हाताने उपचार करणारी. आमच्या मावशीने तीसेक वर्षं हेच केलेलं. पायांची घडी करून त्यावर बाळ पालथं घ्यायची, बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची, आणि तिच्या हातात आमची लेक आमच्यापेक्षा गप्प असायची. तिचं निदान ठरलेलं, "भुरग्याच्या पोटांत वायू आसा," म्हणजे पोराच्या पोटात वायू आहे. तिच्या हाताला माझा पूर्ण मान आहे. तरी काही गोष्टी मी पहिल्या आठवड्यात सांगायला हव्या होत्या, त्या तिसऱ्या आठवड्यात सांगितल्या.

एका सकाळी तिने लेकीला दोन्ही पायांनी धरून उलटं टांगलं आणि झोका दिला. "पोट बसतं याने," म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली. माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही, तिसऱ्या दिवशी मला तिच्या घरी जावं लागलं.

माझ्यासारखं ओरडण्यापेक्षा आधीच, चहा देऊन, बसवून सांगा. "मावशी, डॉक्टरांनी एवढ्या गोष्टींना नको सांगितलंय" असं म्हटलं की वाद होत नाही, दोष डॉक्टरांकडे जातो. उलटं टांगायचं नाही, वर उडवायचं नाही. हातपाय मुरगाळून उलट्या बाजूला ताणायचे नाहीत. नाकात, कानात तेल घालायचं नाही. टाळू दाबायची नाही; पुढची टाळू दीड वर्षापर्यंत भरते, तेलाने "भरत" नाही. बाळाच्या छातीत जन्मानंतर थोडं दूध येतं ते पिळून काढायचं नाही, गळू होतं. धुरी बंद, ओव्याची असो की शेपाची, एवढ्याशा फुप्फुसाला धूर तो धूरच. शेक द्यायचाच तर कपड्याची घडी आधी तुमच्या गालाला लावून बघा. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावतात, त्याने निदान नुकसान तरी दिसलं नाही, बेंबी सुकलेली असेल तर तेवढं सासूबाईंसाठी सोडा. घरात शांतता राहते.

पाटी लावलेले

आता किनारपट्टीकडे. हणजुण्यापासून हरमलपर्यंत वेलनेसच्या पाट्यांना तोटा नाही आणि त्यात बाळांसाठी कायरोप्रॅक्टिक, ऑस्टिओपॅथी, क्रेनिओसेक्रल असंही लिहिलेलं सापडतं. ही नावं ऐकून दबायचं कारण नाही. ऑस्टिओपॅथी अमेरिकेत १८७४ मध्ये सुरू झाली, कायरोप्रॅक्टिक १८९५ मध्ये. दोन्हींचा मूळ दावा असा की शरीराची रचना, विशेषतः मणका, हाताने ठीक केला की आजार हटतात. क्रेनिओसेक्रलवाले कवटीच्या हाडांची लय बोटांना लागते म्हणतात.

पुरावा काय सांगतो? २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सहा चाचण्या, ३२५ बाळं एकत्र पाहिली. हाताने उपचार केलेल्या बाळांचं रडणं दिवसाला सरासरी तासाभराने, नेमकं सांगायचं तर १ तास १२ मिनिटांनी कमी भरलं. ऐकायला झकास. पण बहुतेक चाचण्यांत वही भरणाऱ्या आईबापांना आपल्या बाळावर उपचार झालेत हे ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं अशाच चाचण्या बाजूला काढल्यावर खात्रीने सांगता येईल असा फरक उरला नाही. आमच्या "चार-पाच तासांचे" वहीत दोन तास चाळीस मिनिटं कसे झाले ते आठवा. आशा लागलेला बाप किती मिनिटं लिहील?

यावरून इंग्लंडात कोर्टकचेरीही झाली. सायमन सिंग या पंजाबी वंशाच्या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये, कोलिकसारख्या तक्रारींवर कायरोप्रॅक्टिक चालतं या दाव्यांना आधार नाही असं वर्तमानपत्रात लिहिलं. तिथल्या कायरोप्रॅक्टर संघटनेने बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने कौल दिल्यावर संघटनेने दावा मागे घेतला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेच दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने मणके हलवणं, करू नये असं तात्पुरतं धोरण जाहीर केलं.

आम्हीही एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. छान खोली, मंद दिवे, गवती चहाचा वास. गृहस्थांनी लेकीच्या पाठीवर दोन बोटं फिरवली आणि जन्माच्या वेळी तिच्या मानेचा वरचा मणका सरकला आहे असं सांगितलं. आठ सेशनचं पॅकेज, पैसे आधी. मी विचारलं, "बालरोगतज्ज्ञांना हे दिसलं कसं नाही?" ते हसले. बायकोने लेकीला उचललं आणि आम्ही पर्वरीच्या पुलापर्यंत एकमेकांशी बोललो नाही, कारण सहाव्या आठवड्यात होतो आणि दोघांच्याही मनात "भरून टाकूया का पैसे" हेच चाललं होतं.

तरीही जायचं असेल तर असं करा. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून दुसरा आजार नाही याची खात्री. मग त्या व्यक्तीची पदवी आणि नोंदणी विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल, लहान मुलांबरोबर काम केलेला असेल, तर उत्तम. पहिल्या भेटीत त्याने वजन, दूध, ताप, जन्म याबद्दल प्रश्न विचारले पाहिजेत; सरळ हात घातला तर उठा. "काय करणार ते आधी माझ्या तळहातावर करून दाखवा" असं सांगा. दाब तळहाताला जेमतेम जाणवला पाहिजे. मानेला झटका, कट्ट असा आवाज, मान शेवटपर्यंत वळवणं, उलटं धरणं, यापैकी काही दिसलं तर मध्येच थांबवा, संकोच नको. मणक्याचा एक्स-रे काढा म्हणाले तर नको. लस देऊ नका म्हणाले तर तर नकोच. आणि आगाऊ पॅकेज कधीच घेऊ नका, चौथ्या सेशनपर्यंत कोलिक स्वतःच्या पायांनी निघून जायचा.

एका बाबतीत मात्र फिजिओकडे जायला उशीर करू नका. बाळ कायम एकाच बाजूला मान ठेवत असेल, एकाच बाजूच्या अंगावर नीट पीत असेल, डोकं एका बाजूला चपटं व्हायला लागलं असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तिथे हळुवार ताण आणि व्यायामाचा खरोखर उपयोग होतो, आणि जितकं लवकर तितकं बरं. ते कोलिक नव्हे, पण रडण्याच्या गोंधळात ते सुटून जातं.

बाटल्या आणि घुटी

थोडक्यात सांगतो, कारण विषय हातांचा आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. बाळघुटीतली मुरुडशेंग, वेखंड, जायफळ सहाणेवर उगाळून किती पोटात गेलं हे कोणाला मोजता येत नाही आणि सहाणेवरचं पाणीही पोटात जातंच. मध वर्षाच्या आत बोटभरही नाही, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. गॅसचे थेंब म्हणून सिमेथिकोन देतात, त्याने कोलिकमध्ये फरक पडल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. डायसायक्लोमिन असलेलं पोटदुखीचं औषध सहा महिन्यांखाली देऊ नये, श्वासाला धोका असतो. घरात जुनी बाटली पडली असेल तर लेबल वाचा. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना प्रोबायोटिकचा एक विशिष्ट प्रकार, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, उपयोगी पडलेला दिसतो, पण तो डॉक्टरांना विचारून.

आईचं जेवण तोडत बसू नका. शीमध्ये रक्त किंवा अंगावर इसब असेल तर डॉक्टर आईला काही आठवडे दूधदुभतं बंद करायला सांगतात, ते वेगळं. त्याशिवाय डाळ नको, कोबी नको, मासळी नको, असं करत करत बाळंतिणीच्या ताटात पेज आणि मीठ उरतं.

तुमचा तोल

हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. एका रात्री अकराव्या चकरेला माझ्या हाताची पकड घट्ट झाली, आणि ती घट्ट झालेली माझ्या लक्षात आली. रडणाऱ्या बाळाला रागाने एकदा जरी जोरात गदागदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या रात्री मी तिला पाळण्यात उताणं ठेवलं, दार लोटलं आणि बाहेर बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, जाऊन बसलो. दहा मिनिटं. ती रडत होती, पाऊस पडत होता. मग आत गेलो.

हे करायला परवानगी लागत नाही. पाळी लावा: सात ते आठ एकजण, आठ ते नऊ दुसरा, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरोखर घराबाहेर जावं, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत का होईना. सासूबाई, आई, शेजारच्या वहिनी, जो कोणी "आणा इकडे" म्हणेल त्याच्या हातात बाळ द्या. बायको सतत रडत असेल, झोप मिळूनही झोपत नसेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर तिच्यासाठीही डॉक्टर लागतात.

वही अजून आहे. अकराव्या आठवड्यापर्यंत ओळी भरलेल्या, मग एक दिवस गाळलेला, मग दोन दिवस. तेराव्या आठवड्यात एकाच संध्याकाळची नोंद आहे, वीस मिनिटं. पुढचं पान उलटलं की बायकोच्या अक्षरात लिहिलंय: नारळ ५, सोलां, सुके बांगडे, काडेपेटी.